गर्दीत तापणारी गाडी : आधी हवा बघा, मग पाणी

मे महिन्यात भर दुपारी ग्वाल्हेरहून झाशीला निघा. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि सामान, तरी तापमानाचा काटा मधोमध ठाण मांडून बसलेला असतो. तीच गाडी संध्याकाळी ग्वाल्हेरच्याच दौलतगंजातून बाड्याकडे, म्हणजे भर बाजारातून घ्या. पुढे ई-रिक्षा, बाजूला हातगाडी, मागून हॉर्न आणि वेग पायी चालणाऱ्यापेक्षाही कमी. बाडा यायच्या आत काटा वर सरकायला लागतो. पळवली तेव्हा तापली नाही आणि रांगत होती तेव्हा तापली, याचं पहिल्यांदा भलतंच कोडं पडतं. मग घरात ज्याचं त्याचं मत सुरू होतं : कूलंट संपलं असेल, रेडिएटर चोंदला असेल, गाडीच आता काढून टाका.

खरं तर अर्धं निदान या कोड्यातच आहे. गाडी तापते यापेक्षा ती कुठे तापते, हे जास्त बोलकं असतं. मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि गर्दीत गरम, तर दोष बहुधा रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेत आहे. गर्दीत ठीक पण हायवेवर किंवा चढावर गरम, तर दोष बहुधा आतून फिरणाऱ्या पाण्यात आहे : रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, पंप कमजोर झाला असेल, थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, अर्धाच उघडत असेल. आणि दोन्हीकडे गरम होत असेल, तर कूलंट कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा काहीतरी मोठं बिघडलं आहे. एवढी एक गोष्ट नीट आठवून सांगितली तरी गॅरेजमधला बराच खर्च वाचतो, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे नेमकं तेच सांगितलं जात नाही. ‘गाडी हीट होतेय, बघा जरा’ म्हणून लोक किल्ली ठेवतात आणि कामाला निघून जातात. मग मेकॅनिक अंदाजाने एकेक भाग बदलत राहतो.

उष्णता जाते कुठे

पेट्रोल किंवा डिझेल जळतं, तेव्हा त्यातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी चालवायच्या कामी येतो. एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरावाटे निघून जातो. उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो, आणि तो सतत बाहेर काढणं हे कूलिंग सिस्टिमचं काम. ते काही मिनिटं जरी थांबलं तरी इंजिनाचं नुकसान होऊ शकतं.

इंजिनाच्या आत सिलिंडरभोवती पोकळ वाटा असतात. त्यांतून कूलंट, म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचं मिश्रण, फिरत राहतं. ते फिरवतो वॉटर पंप, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो बेल्टवर चालतो, त्यामुळे इंजिनाचा वेग वाढला की पंपाचाही वाढतो. इंजिन थंड असेल तेव्हा थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडायला लागते आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जातं. रेडिएटरमध्ये बारीक चपट्या नळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ अॅल्युमिनियमची जाळी. नळ्यांतून कूलंट जातं, जाळीतून हवा जाते आणि उष्णता हवेला मिळते.

ही हवा दोन तऱ्हांनी येते. गाडी साठच्या वेगाने चालली असेल तर वारा आपणहून जाळीतून घुसतो. पंखा बंद पडलेला असला तरी तुम्हाला कळणारही नाही. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. त्यात इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता संथ चालू असल्यामुळे पंपही संथ फिरतो. आणि रेडिएटरच्या अगदी पुढे एसीचा कंडेन्सर बसवलेला असतो. केबिनमधली उष्णता तो बाहेर टाकतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापून येते.

उभ्या गाडीचं इंजिन उष्णताही कमी तयार करतं, हे मात्र विसरू नका. गाडी धडधाकट असेल, तर मे महिन्यात एसी लावून तासभर गर्दीत उभी राहिली तरी ती तापता कामा नये. गाडी बनवणाऱ्यांनी तेवढी तजवीज केलेली असते. म्हणून ‘आपल्याकडचं ऊनच असं, गाड्या तापणारच’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. ऊन गाडी बिघडवत नाही, आधीपासून असलेला बिघाड उघडा पाडतं.

त्याचं गणित सोपं आहे. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरा. जानेवारीच्या रात्री ग्वाल्हेरला हवा १० अंशांवर असते, म्हणजे फरक ८५ अंशांचा. मे-जूनमध्ये हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ५० वर येतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण क्षमता चाळीस टक्क्यांनी घटली. एसीच्या कंडेन्सरमधून येताना हवा आणखी दहा अंशांनी तापली तर फरक उरतो जेमतेम ४०. पंखा थोडा मंद असेल, जाळीत थोडी धूळ असेल, तर हिवाळ्यात खपून जातं. मे महिन्यात नाही. इथे कितीतरी लोक गाडी घेतात ती १९०५ पासून भरणाऱ्या व्यापार मेळ्यात, रोड टॅक्सच्या सवलतीसाठी, म्हणजे ऐन थंडीत. जुनी गाडीही त्याच सुमारास पाहून घेतली, तर तिच्या कूलिंगची खरी परीक्षा तेव्हा झालेलीच नसते. डिसेंबर-जानेवारीत जुनी गाडी घेणाऱ्याने एसी लावून ती अर्धा तास उभी चालू ठेवावी आणि पंखा किती वेळा, किती जोरात लागतो ते कान देऊन ऐकावं.

काट्यावर किती विसंबायचं

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा, जास्त तापलं की लाल, मधलं काही नाही. ज्यांत काटा असतो त्यांतही तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी काटा मध्यावरच दिसतो, म्हणजे चालवणारा उगाच धास्तावत नाही. म्हणून काटा मध्याच्या वर हलताना दिसला, तर ती सुरुवात नसते, बरंच काही आधीच झालेलं असतं. खरा आकडा हवा असेल तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो. मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. बऱ्याच गाड्यांत ते ९० ते १०५ च्या दरम्यान खेळत असतं. ११० ओलांडून चढतच राहिलं, तर बाजूला घ्यायची वेळ झाली.

गर्दीत अडकलात आणि काटा चढतोय

पहिलं काम, एसी बंद. दुसरं, ऐकायला क्रूर वाटेल, पण हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात. खिडक्या उघड्या. हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, त्यातून तेच कूलंट फिरतं. ब्लोअर लावला की इंजिनाची उष्णता तुमच्या अंगावर येते आणि काटा थोडा उतरतो. मे महिन्यात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्यांना आधी उतरवून सावलीत बसवा, मग हीटर लावा. हीटर पूर्ण गरमवर असूनही त्यातून थंड हवा यायला लागली, तर कूलंट फिरत नाहीये किंवा संपलंय. ही फार महत्त्वाची खूण आहे, गाडी लगेच बंद करा.

काटा लाल पट्टीत गेला, लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ दिसली, तर ‘तेवढं घरापर्यंत नेतो’ हा विचार मनातून काढून टाका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. बंद केल्यावरही काही मिनिटं आतलं तापमान वाढतच जातं, कारण पंप थांबलेला असतो आणि धातूतली उष्णता कूलंटमध्ये उतरत असते. त्याने घाबरू नका. किल्ली काढल्यावरही काही गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो, तेव्हा बॉनेट उघडलं तरी हात, ओढणी, रुमाल पंख्यापासून लांब ठेवा.

आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलिंग सिस्टिम प्रेशर कुकरसारखी दाबाखाली असते. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणाने सुमारे १ बार दाब धरून ठेवला की ते १२० च्या आसपास उकळतं, आणि ग्लायकॉल मिसळलेलं असेल तर १२५ च्याही पुढे. अशा गरम अवस्थेत झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो, आतलं सगळं क्षणात उकळून वाफेसकट तोंडावर येतं. चेहरा आणि हात असेच भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवाला आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच जाड कपडा घालून झाकण थोडंसं फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नका आणि आतही एकदम ओतू नका. हल्लीची सिलिंडर हेड अॅल्युमिनियमची असतात, एकदम गार झाली की वाकतात किंवा तडकतात. एक बाटली पाण्याने झालेलं ते नुकसान इंजिन उघडल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

पंखा फिरतोय, पण ओढतोय का

गर्दीतच तापणाऱ्या गाडीत पहिला संशय पंख्यावर. तपासणी घरी करता येते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा लागतोच. मग एसी बंद करून इंजिन आयडलवर तापू द्या. काटा नेहमीच्या जागेच्या जरा वर गेला की पंखा आपणहून लागला पाहिजे, आणि थोड्या वेळाने बंदही झाला पाहिजे.

आमच्या गल्लीतल्या काकांची छोटी पेट्रोल गाडी याच दुखण्याने त्रासलेली होती. गॅरेजने झाकण बदललं होतं, कूलंट बदललं होतं, थर्मोस्टॅट काढून टाकला होता आणि आता रेडिएटर बदलायचा म्हणत होते. आम्ही गाडी अंगणात लावून एसी सुरू केला. पंखा लागला. काका म्हणाले, ‘अरे, फिरतोय की तो!’ मी वहीचा कागद ग्रिलसमोर धरून सोडला. कागद घरंगळून खाली पडला. ‘फिरतोय काका, पण ओढत नाहीये.’ गाडी बंद करून पंख्याचा कनेक्टर सोडवला, तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. पिन सैल होती, तिथे वीज अडत होती, तापत होती, आणि मोटरला पुरेसा व्होल्टेज पोचतच नव्हता. बॅटरीवरून थेट जाड तारेने वीज दिली तेव्हा तोच पंखा असा घोंगावला की कागद जाळीला जाऊन चिकटला. ऑटो इलेक्ट्रिशियनने नवा कनेक्टर जाड तारेसकट जोडून दिला. रेडिएटर अजून तोच आहे.

ही कागदाची परीक्षा मी सगळ्यांना सांगतो. डोळ्यांना पंख्याचा वेग कळत नाही, कागदाला कळतो. कागद ग्रिलकडे ओढला जायला हवा. उलट बाहेर ढकलला जात असेल, तर दुरुस्तीत मोटरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत आणि पंखा उलटा फिरतोय. असं खरंच घडतं. मग हायवेवर येणाऱ्या वाऱ्याला तो विरोधच करतो.

पंखा अजिबात लागतच नसेल, तर क्रमाने मागे जा. आधी फ्यूज. मग रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच : फ्यूजबॉक्समध्ये त्याच आकाराचा, त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, पुष्कळदा हॉर्नचा, तो अदलाबदल करून पाहा. मग मोटरला थेट वीज देऊन पाहा, प्लस-मायनस नीट बघून. मोटर थेट विजेवरही चालली नाही तर तीच गेली. काठीने हलकं ठोकल्यावर सुरू झाली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत आणि ती चार दिवसांची सोबती आहे. मोटर चांगली असेल तर संशय सेन्सरवर. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, तर कॉम्प्युटर पंख्याला हुकूमच देत नाही. बऱ्याच गाड्यांत त्या सेन्सरचा कनेक्टर काढला की कॉम्प्युटर सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगात लावतो. तसा लागला, तर तारा, रिले आणि मोटर ठीक आहेत.

पंख्याला दोन वेग असतील तर आणखी एक फसवणारा प्रकार होतो. मंद वेगासाठी एक रेझिस्टर असतो, तो जळतो. मग पंखा मंद वेगाने लागतच नाही, थेट जोराच्या वेगाची पाळी येईपर्यंत बंद राहतो. म्हणजे काटा बराच चढतो, मग पंखा गर्जत येतो, काटा उतरतो, पुन्हा तेच. ज्या गाड्यांत दोन पंखे असतात, त्यांत एक बंद पडला तरी दुसऱ्याच्या आवाजावर माणूस निश्चिंत राहतो. दोन्हींकडे डोळ्यांनी बघा. जुन्या जीपवजा गाड्यांत पंखा बेल्टवर फिरतो आणि मध्ये व्हिस्कस क्लच, म्हणजे गरम झाल्यावर पंख्याला घट्ट पकडणारा जोड असतो. इंजिन बंद करून, गरम असताना पंख्याला हाताने फिरवा. तो काहीही अडथळा न करता गरगर फिरला तर क्लच गेलेला आहे.

हवेची वाट

पंखा दणकट आहे, तरी गाडी तापते. मग जाळी बघा. समोरून ग्रिलमधून दिसतो तो कंडेन्सर. तो स्वच्छ दिसला म्हणून रेडिएटर स्वच्छ असं नाही. धूळ, किडे, सावरीचा कापूस, रस्त्यावरची पॉलिथिनची पिशवी हे सगळं त्या दोघांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बिलौआच्या क्रशरांकडून रोज येजा करणाऱ्यांच्या गाड्यांत तर दगडाच्या भुकटीचा थरच बसतो, आणि त्यावर पाण्याचा किंवा इंजिन ऑइलचा ओलावा आला की तो सिमेंटसारखा घट्ट होतो. साफ करायची रीत अशी : इंजिन पूर्ण थंड, पाणी कमी दाबाने आणि शक्यतो इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला की अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या पडतात आणि वाट कायमची बुजते.

पंख्याभोवती प्लास्टिकचं आवरण असतं आणि रेडिएटरच्या कडांना फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या. अपघाताचं काम झालेल्या गाड्यांत या पट्ट्या परत बसवायच्या राहून जातात, कारण त्या निकामी दिसतात. त्या नसल्या की उभ्या गाडीत पंखा बाहेरची ताजी हवा ओढण्याऐवजी बॉनेटखालचीच गरम हवा कडेने वळवून पुन्हा पुन्हा ओढत बसतो. बंपरच्या जाळीवर लावलेले जादा दिवे आणि शोभेच्या जाळ्याही हवा अडवतात. हौस म्हणून लावलेल्या असतील तर उन्हाळ्यापुरत्या तरी काढा.

कूलंट, झाकण, गळती

हवेचं सगळं ठीक निघालं की मगच पाण्याकडे वळा. थंड गाडीत कूलंटच्या टाकीवरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीवरच्या, दोन रेघांच्या मध्ये पातळी हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर थंड असताना तेही उघडून बघा, कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असंही असतं. झाकणात दोन झडपा असतात : एक जास्त दाब बाटलीकडे सोडते, दुसरी गाडी निवताना कूलंट परत ओढते. पहिली सैल झाली की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं. दुसरी अडकली की गाडी निवल्यावर वरचा होज पाइप चेपलेला दिसतो. झाकण स्वस्त असतं, पण नवं घेताना त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच असावा.

आता पाणी. उन्हाळा आला की पेट्रोल पंपावर, गॅरेजमध्ये, घरी बोरिंगचं पाणी टाकीत ओतलं जातं. आपल्या भागातलं जमिनीखालचं पाणी बहुधा जड असतं. गरम धातूवर त्यातले क्षार बसतात, रेडिएटरच्या त्या बारीक नळ्या आतून बुजतात, आणि कूलंटमधलं गंज रोखणारं रसायन पातळ होत जातं. मग पंपाचं पातं झिजतं आणि एक दिवस ‘गर्दीत तापते’ या तक्रारीच्या जागी ‘सगळीकडे तापते’ ही तक्रार येते. अडीनडीला रस्त्यावर जे मिळेल ते पाणी घाला, गाडी वाचवा. पण घरी आल्यावर ते काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट भरा. तयार मिश्रण मिळतं ते तसंच ओतायचं. घट्ट मिळतं त्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं, बहुधा निम्मं-निम्मं. हिरवं, लाल, गुलाबी या रंगावरून प्रकार ठरवू नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. आणि काढलेलं कूलंट अंगणात किंवा नालीत ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही धोका असतो.

कूलंट बदलल्यावर आत हवेचा फुगा अडकला तर नव्या कूलंटनेही गाडी तापते. म्हणून भरताना हीटर गरमवर ठेवायचा, गाडीचं नाक थोडं वर असलं तर उत्तम, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करायचा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. घाईच्या गॅरेजमध्ये हीच पायरी गाळली जाते.

थर्मोस्टॅट काढू नका

‘थर्मोस्टॅट निकाल देते हैं, गाडी ठंडी चलेगी’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मेकॅनिक वाईट हेतूने म्हणत नाही, जुन्या गाड्यांपासून चालत आलेली समजूत आहे ती. पण ती चूक आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नेमक्या तापमानाला यायला फार वेळ लागतो. तोवर कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज उतरतं, इंजिनाची झीज वाढते. आपल्या जानेवारीत तर हीटरही नीट गरम होत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बाजूची आडवाटही बंद करतो. तो काढून टाकला की थोडं कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं, आणि गाडी थंड व्हायच्या ऐवजी जास्त तापते. शिवाय पंख्याचा दोष तसाच राहतो, फक्त लपतो.

संशयच असेल तर थर्मोस्टॅट काढून तपासा. स्वयंपाकात वापरत नाही अशा पातेल्यात पाणी घेऊन, दोऱ्याने टांगून, थर्मामीटर लावून गॅसवर ठेवा. अंगावर ८२ कोरलेलं असेल तर त्याच्या आसपास झडप हलायला लागते आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडते. तशी उघडली तर तोच परत बसवा, नव्या गॅसकेटसह. नाही उघडली तर नवा, त्याच आकड्याचा.

पंप आणि रेडिएटर थोडक्यात सांगतो, कारण नुसत्या गर्दीतल्या तापण्यात ते क्वचित मुख्य दोषी असतात. पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंट झिरपत असेल किंवा बेअरिंगचा आवाज येत असेल, तर पंप बदला. गाडी गरम करून बंद केल्यावर रेडिएटरचा एखादा पट्टा थंड लागला, तर तिथल्या नळ्या आतून बुजल्या आहेत. जुने पितळी रेडिएटर उघडून साफ करणारे कारागीर होते. प्लास्टिकच्या टाक्यांचे अॅल्युमिनियम रेडिएटर बहुधा बदलावेच लागतात.

मोठ्या दुखण्याच्या खुणा

एकदा खूप तापलेल्या गाडीत हेड गॅसकेट, म्हणजे सिलिंडर हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधली सील, उडालेली असू शकते. मग सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो. खुणा अशा : थंड गाडी सुरू केल्यावर काही क्षणांतच वरचा होज दगडासारखा कडक, टाकीत सतत बुडबुडे, कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच नाही, सायलेन्सरमधून दाट पांढरा गोडसर वासाचा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय. थंडीत सकाळी थोडी वाफ किंवा झाकणाखाली थोडी साय असणं चालतं, त्यावरून घाबरून हेड उघडायला देऊ नका. त्याआधी ब्लॉक टेस्ट करून घ्या. एका निळ्या द्रावणातून टाकीतली हवा ओढतात. पेट्रोल गाडीत ते पिवळं पडलं, तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय हे नक्की. मग मात्र हेड उघडून, सपाटी तपासून, लागलं तर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, नवी गॅसकेट बसवल्याशिवाय गाडी गर्दीत नेऊ नये.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना फक्त बिल बघू नका. दुपारी उन्हात, एसी लावून, गाडी उभी चालू ठेवायला सांगा आणि तिथेच थांबा. पंखा लागतो, बंद होतो, पुन्हा लागतो, असे दोन-तीन फेरे होऊ द्या. स्कॅनर असेल तर आकडा चढून उतरताना दिसला पाहिजे, नुसता चढताना नाही. मग संध्याकाळी मुद्दाम दौलतगंजातून या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना टाकीवर पातळीची खूण करून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा त्याच थंड अवस्थेत बघा. खूण जिथल्या तिथे असेल तर काम झालं. पातळी उतरली असेल तर वरून भरत बसण्याऐवजी प्रेशर टेस्टर लावून घ्या. त्यात झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात आणि काटा खाली येतोय का ते पाहतात. काटा खाली आला आणि बाहेर कुठेच थेंब दिसला नाही, तर गाडीतल्या मॅटखाली हात घालून ओल लागते का ते बघा, कारण हीटरचा तो छोटा रेडिएटरही गळतो.